एनिड फॉदरगिलची न मागितलेली वर्गणी

एनिड फॉदरगिलने माझ्याकडून पहिली वर्गणी काढली ती एका वाक्यात. मी स्केलबेकच्या शाळेत गणित शिकवायला नुकताच आलो होतो, सामानाच्या दोऱ्याही सुटल्या नव्हत्या. दारावर टकटक झाली. उघडून बघतो तर राखाडी कोट, राखाडी टोपी, राखाडी हातमोजे आणि त्या सगळ्याच्या आत कुठेतरी एक बाई. "मी एनिड फॉदरगिल. क्वेकरांच्या सभाघरात नवा बॉयलर बसवायचाय," एवढं बोलून ती आत आली, माझ्या एकुलत्या एक खुर्चीवर बसली आणि गप्प झाली.

गप्प म्हणजे किती गप्प? थोड्या वेळाने मला शेजारच्या डोंगरावर एक मेंढी गवत चावत होती ती ऐकू येऊ लागली. मग माझ्याच दाढीचे केस वाढताना ऐकू आले. मग शाळेत असताना मी मित्राची पेन्सिल ढापली होती ती आठवली. मी घाईघाईने एक पौंड काढून दिला. तिने तो मांडीवर ठेवला आणि बसून राहिली. मी आणखी दिले. तरी ती बसलेलीच. शेवटी मी पाकीट रिकामं केलं, आईने नव्या संसारासाठी दिलेली किटली दिली, आणि ती निघाली तेव्हा छत्रीसुद्धा दिली. बाहेर लख्ख ऊन होतं.

पुढच्या रविवारी किटली परत मिळते का बघायला मी क्वेकरांच्या सभेला गेलो. किटली चहाच्या टेबलावर वाफाळत होती. मला तिच्यातलाच चहा मिळाला. मी राहिलो तो राहिलोच, आणि आता त्याच सभेचा कारकून आहे. आमच्यात कारकून म्हणजे अध्यक्ष आणि शिपाई दोन्ही. पगार कोणाचाच नाही.

क्वेकर ख्रिस्तीच, पण आमच्या सभेत पाद्री नसतो, गाणं नसतं, घंटा नसते. रविवारी सकाळी तासभर सगळे बाकांवर गप्प बसतात. कोणाला आतून अगदीच ढकललं गेलं तर तो उभा राहून चार वाक्यं बोलतो आणि पुन्हा बसतो. तास संपला की पुढच्या बाकावरचे दोन वडीलधारे एकमेकांशी हात मिळवतात. की झालं. मग सगळेच शेजाऱ्याशी हात मिळवतात, कारकून सूचना वाचतो आणि चहा होतो. तीनशे वर्षं हेच चाललंय. हात मिळाला की सभा संपली, हे आमच्या हाडात भिनलंय.

या गप्प लोकांत एनिडचा जन्म झाला, आणि त्यातही फॉदरगिलांच्या घरात. तिचा कोणी खापरपणजोबा न्यायाधीशासमोर टोपी काढायला तयार झाला नाही म्हणून यॉर्कच्या तुरुंगात बसला होता. ती टोपी गेली, पण तिच्याखालची मान घराण्यात टिकली. एनिडचं बाजारात लोकरीचं दुकान होतं. बायका एक गुंडा घ्यायला येत आणि एनिड काहीच बोलत नाही हे बघून पूर्ण स्वेटरची लोकर घेऊन जात. लग्न केलं नाही. बँकेतला एक जण दोन वर्षं यायचा, पण तो बोलायचा फार, असं तिचं म्हणणं होतं. "तो कधी संपायचाच नाही," ती मला म्हणाली होती.

ती राहायची ते मोठ्या भावाबरोबर, गावाबाहेरच्या शेतावर. भाऊ एमॉस. मेंढ्या पाळायचा, सभेत वडीलधारा म्हणून पहिल्या बाकावर बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. झोप इतकी शिस्तीची की बरोबर तासाने जागा होऊन हात पुढे करायचा. साठी ओलांडलेल्या बहिणीला तो "पोरी" म्हणायचा आणि तिची टर उडवायची एकही संधी सोडायचा नाही.

"आमची एनिड वर्गणी मागत नाही," तो म्हणायचा. "माणूस कंटाळून देतो."

पण काम मोठं होतं, हे कबूल करायला हवं. बॉयलर, बाकं, दुष्काळाचा निधी, निर्वासित कुटुंबांसाठी ब्लॅंकेटं, सगळं तिने गप्प बसून उभं केलं होतं. तिचे नियम होते. देणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं नाही. जाहीर आभार मानायचे नाहीत. सोडत काढायची नाही, लॉटरी लावायची नाही, कारण तो जुगार. वर्षातून एकदा ती पाई आणि वाटाण्याचं जेवण घालायची. पाईत मांस शोधावं लागे, पण शोधायला लोक येत. गावात कोणी म्हणे, "आज एनिड आपल्या गल्लीत आहे," की पुरुष मागच्या दाराने बाहेर पडत. ती मागच्या दारापाशी उभी असे.

तर सभाघराच्या छपराच्या दगडी पाट्या निसटायला लागल्या. एक तर भर सभेत आत आली, माझ्या आणि दिव्याच्या मधोमध. कोणी काही बोललं नाही, अर्थातच. पुढच्या बैठकीत छपराचा निधी सुरू झाला आणि त्याची प्रमुख म्हणून एनिडच नेमली गेली, कारण दुसरं नाव घ्यायला कोणाची जीभ रेटत नव्हती.

नेमकी त्याच वसंतात रोझलिंड पेनहॅलो आली.

रोझलिंड दक्षिणेकडची, समुद्रकाठची. नाटक कंपनीत कपडेपट सांभाळलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, क्वेकर होऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिच्या गळ्यात नारिंगी रंगाचा एवढा मोठा स्कार्फ असायचा की तो आधी आत यायचा आणि ती मागून. पहिल्याच रविवारी ती सभेत उभी राहिली आणि म्हणाली, की छपराला पडलेल्या भोकातून प्रकाश आत येतोय हे बघून तिला बरं वाटलं. लोकांचे डोळे पाणावले. एनिडचे कोरडे होते.

चहाच्या वेळी एनिड माझ्याजवळ आली. "छान बोलली," म्हणाली.

"हो ना."

"मी इथे जन्मापासून आहे, सिरिल. मला भोकातून पाऊस आत येताना दिसतो."

इथून सुरुवात झाली. बाकीच्या धर्मांत हेव्याला बसायला जागा असते. कोणी बिशप होतो, कोणाला पहिली खुर्ची मिळते, कोणाच्या नावापुढे काही लागतं. आमच्यात सगळे सारखे. पदव्या नाहीत, टाळ्या नाहीत. म्हणून आमच्यात हेवा बिचारा उभा राहतो आणि कुठेही बसतो. तो केकवर बसला. एनिडचा आल्याचा केक गेली कित्येक वर्षं चहाच्या टेबलावर मधोमध असे. रोझलिंडने लिंबाचा केक आणला. तो संपला. एनिडच्या केकचा एक तुकडा मी खाल्ला आणि दुसरा एमॉसने, आणि एमॉसने तो खाताना म्हटलं, "लिंबाचा संपला म्हणून खातोय हं, पोरी."

मग रोझलिंडने छपरासाठी काहीतरी करू म्हटलं. समितीत आनंदाने घेतलं तिला. तिची पहिली कल्पना, एक मोठं चीज ठेवायचं, त्याचं वजन लोकांनी पैसे देऊन ओळखायचं, बरोबर येईल त्याला चीज.

"हा जुगार झाला," एनिड म्हणाली. इतक्या गोड आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तुला नवीन आहे म्हणून. शिकशील हळूहळू."

रोझलिंड लाल झाली. पण ती हार खाणारी नव्हती. तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा मारायला सुरुवात केली. ती दुकानात शिरायची, हसायची, दुकानदाराच्या गुडघ्याची चौकशी करायची, आणि छपराचं नाव न घेता बाहेर यायची. दुकानदार दुसऱ्या दिवशी स्वतः पाकीट घेऊन यायचा. कसाई नॉर्मन टॅटरसॉल आला. या नॉर्मनने एनिडला आयुष्यात कधी एका पौंडाच्या वर दिलं नव्हतं. तिच्या गप्प बसण्याला तो एकटाच पुरून उरायचा, कारण तो तेवढ्या वेळात किमा करायला घ्यायचा. त्याने रोझलिंडला नोटांची गुंडाळी दिली. मी हे एनिडला सांगितलं. सांगायला नको होतं.

ती दुकानात लोकर गुंडाळत होती. हात थांबला नाही. "टॅटरसॉलने?"

"हो."

"आणि हसला का तो?"

"म्हणजे?"

"पैसे दिले ते दिले. छपराचंच भलं झालं. पण देताना हसला का?"

क्वेकर माणसाने खोटं बोलायचं नसतं. आम्ही कोर्टात शपथ घेत नाही ती याच कारणाने, की शपथेवाचूनही खरंच बोलायचं असतं. "हसला," मी म्हटलं. "बराच वेळ."

तिने लोकरीचा गुंडा इतका घट्ट गुंडाळला की तो पुढे कोणाला सोडवता आला असेल असं वाटत नाही.

त्या शरद ऋतूत एनिडची मुदत संपत होती. आमच्याकडे मत टाकत नाहीत. नावं शोधणारी एक समिती असते, ती प्रार्थनापूर्वक नाव आणते, सभा गप्प बसून ते नाव मनात घोळवते, मग मी विचारतो, पटतंय का, आणि सगळे म्हणतात, "तशी आशा आहे." होही नाही, नाहीही नाही. समितीने छपराच्या निधीसाठी नाव आणलं, रोझलिंड पेनहॅलो.

सगळे गप्प. छपरातून एक थेंब बादलीत पडला. आणि एनिड उभी राहिली. कोटाची बटणं लावलेली.

"हे नाव मला सुचलं नसतं," ती म्हणाली आणि बसली.

बाहेरच्याला हे वाक्य साधं वाटेल. आमच्यात याचा अर्थ भर बाजारात थोबाडीत मारणं. माझ्या पंचवीस वर्षांत हे वाक्य दोनदाच ऐकलंय, आणि पहिल्या वेळी तो माणूस गाव सोडून गेला होता. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. रोझलिंड नवी असली तरी हे तिला कोणीतरी सांगून ठेवलेलं असावं.

"मलाही सुचलं नसतं, एनिड," ती म्हणाली. "पण समितीला सुचलं."

एमॉस जागा झाला आणि त्याने हात पुढे केला. मी तो खाली ठेवायला लावला. मग मी जे कारकून करतात तेच केलं, निर्णय पुढे ढकलला. रोझलिंडने एक मोठा कार्यक्रम ठरवला होता. तो होऊ दे, मग बघू, असं मी लिहिलं. "तशी आशा आहे," सगळे म्हणाले. मनातून सगळ्यांना एकच कळलं होतं. कार्यक्रम झाला छान तर छप्पर रोझलिंडचं. नाही झाला तर एनिडचं.

कार्यक्रम होता गप्प बसण्याचा. गावच्या बाजार हॉलमध्ये आम्ही सगळ्या क्वेकरांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड न उघडता बसायचं, आणि गावकऱ्यांनी दर तासामागे ठराविक पैसे द्यायचे. जितके तास आम्ही गप्प, तितके पैसे. गावाने हे उचलून धरलं. आम्ही गप्प बसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण किती वेळ बसतो हे कोणीच पाहिलं नव्हतं. टॅटरसॉलने तासाला इतके कबूल केले की त्याची बायको दुकानात येऊन भांडून गेली.

मी एनिडकडे गेलो. स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत होती, एमॉस शेकोटीजवळ बूट वाळवत होता.

"तू येशील ना?" मी विचारलं.

"गप्प बसणं विकायचंय," ती म्हणाली. "तासाच्या भावाने. वजनकाटा पण आणणार आहे का ती?"

एमॉस म्हणाला, "तूही तेच करतेस की, पोरी. फक्त तू आधी भाव सांगत नाहीस."

ती फिरली. "मी कोणाला काही विकत नाही. मी बसते. द्यायचं त्याचं त्याने ठरवावं."

"टॅटरसॉलने ठरवलं," एमॉस म्हणाला. "दुसरीला द्यायचं ठरवलं."

सोललेला बटाटा पातेल्यात जरा जोरात पडला. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मी सवयीने खिशाकडे हात नेला आणि मग थांबवला.

"मी येईन," एनिड शेवटी म्हणाली. "गप्प कसं बसायचं ते तिला बघू दे. संध्याकाळपर्यंत तिचीच चुळबुळ सुरू होईल. त्या स्कार्फमध्ये माणूस गप्प बसूच शकत नाही."

म्हणजे तिचा बेत साधा होता. रोझलिंडच्याच कार्यक्रमात रोझलिंडपेक्षा जास्त वेळ गप्प बसायचं. एक क्वेकर दुसऱ्या क्वेकरला याहून भयंकर काही करू शकत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बाजार हॉल भरला होता. मागच्या बाजूला गावकरी, त्यात टॅटरसॉल घड्याळ हातात धरून. पुढे आमची बाकं, सभाघरातून उचलून आणलेली. रोझलिंडने सगळ्यांना जागा दिल्या. स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता, त्याला दिसायला बरं म्हणून तिने पहिल्या बाकावर एमॉस आणि एनिडला शेजारी शेजारी बसवलं.

"तुम्ही दोघं सगळ्यात जास्त क्वेकर दिसता," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

एनिडचा चेहरा आंबला. फोटो निघाला. तो पुढे सभाघराच्या व्हरांड्यात लागला. त्यात एनिड अशी दिसते की कोणाचं तरी वाईट व्हावं म्हणून प्रार्थना करत्येय, पण नेमकं कोणाचं हे आदबीने सांगत नाहीये.

दहा वाजले आणि आम्ही गप्प झालो. सुंदर गप्प. बाजारात गाड्या थांबल्या. गावातल्या म्हाताऱ्या पाय न वाजवता आत येऊन उभ्या राहिल्या. रोझलिंड दुसऱ्या बाकावर, डोळे मिटलेले, स्कार्फ शांत. माझ्या मनात आलं, एनिडचं खरं नाही. ही बाई संध्याकाळपर्यंत बसणार. आणि मला वाटतं एनिडच्याही मनात तेच आलं, कारण तिने एकदा मान वळवून मागे पाहिलं आणि परत पुढे केली ती फार सावकाश.

एमॉस झोपला. घोरत नव्हता, झोपेतही तो सभेचा मान राखायचा. वेळ गेला. अकरा वाजले. एमॉस जागा झाला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. त्या हॉलमधल्या एकाही क्वेकरच्या लक्षात आलं नाही. एमॉसने डोळे उघडले, बाकं तीच, माणसं तीच, अंगातलं घड्याळ सांगतंय तास झाला. त्याने हात पुढे केला. एनिडने हात दिला.

हात मिळाला.

पुढच्याच क्षणी माझा हात शेजारच्याच्या हातात होता. सगळीकडे "सुप्रभात, सुप्रभात" सुरू झालं. मागे माझी बायको जोन उठून चहाच्या भांड्याची कळ दाबत होती. आणि मी, गणिताचा मास्तर, उभा राहिलो, खिशातून कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो, "मित्रांनो, पुढच्या रविवारी सभेनंतर शेंगांचं सूप आहे, ज्यांना भांडी धुवायची आहेत त्यांनी..." तेव्हा मला हॉलच्या मागून टॅटरसॉलचा आवाज आला.

"एक तास," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "त्या हिशोबाने माझी फारच स्वस्तात सुटका झाली."

मग अख्खं गाव हसलं. मी आयुष्यात पुष्कळ हशे ऐकले, पण गळक्या छपराच्या लोकांना हसताना हॉलचंच छप्पर उडेल, असं हसू कधी ऐकलं नाही. आमचे लोक आधी गांगरले, मग तेही हसू लागले. एमॉस सगळ्यात जास्त हसला. दोघीच हसल्या नाहीत.

रोझलिंड एनिडसमोर येऊन उभी राहिली. डोळे ओले होते, आवाज कोरडा.

"एमॉसचं समजलं," ती म्हणाली. "एमॉस झोपेत होता. तू जागी होतीस. तू मुद्दाम हात दिलास का?"

सगळे गप्प झाले. या वेळी कोणी पैसे कबूल केलेले नव्हते. दुसरी कोणीही बाई असती तर म्हणाली असती, अगं छे, सवयीने. मीही तेच म्हटलं असतं आणि सगळ्यांनी ते मानलंही असतं. पण ही फॉदरगिल होती. घराण्यात कोणी टोपी काढली नाही तशी कोणी खोटी साक्षही दिली नाही.

 एनिडला अगदी मोजून मापून बोलायचं होतं.

"त्याचा हात आधी आला," ती म्हणाली. "तो दिसला तेव्हा मला आठवलं आपण कुठे बसलोय ते. मी माझा हात मांडीवर ठेवू शकले असते. ठेवला नाही."

"का?"

"कारण तू संध्याकाळपर्यंत बसली असतीस."

जोनने चहाच्या भांड्याची कळ बंद केली. रोझलिंडने स्कार्फ काढला, घडी केला, पर्समध्ये टाकला. स्कार्फशिवाय ती एकदम दमलेली मास्तरीण दिसायला लागली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग लोकांना जाऊन सांग. ज्याने ज्याने पैसे कबूल केले त्या प्रत्येकाला तू सांग, की एकच तास झाला आणि का झाला. मी नाही सांगणार. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केलीय, मला तोंड दाखवायचंय."

"सांगेन," एनिड म्हणाली.

एमॉस म्हणाला, "सगळ्यांना? टॅटरसॉललासुद्धा?"

"त्याला आधी."

ती खरंच गेली. मी तिच्याबरोबर होतो. कारकून म्हणून जावं लागलं, आणि खरं सांगायचं तर मी ते चुकवलंही नसतं. टॅटरसॉल किमा करत होता. एनिड काउंटरसमोर उभी राहिली. नेहमीसारखी गप्प बसली नाही. "एकाच तासाचे पैसे द्यायचे," ती म्हणाली. "सभा मी संपवली. रोझलिंडचं चांगलं चाललं होतं ते मला बघवत नव्हतं. तिला तुम्ही हसून पैसे दिलेत, मला कधी दिले नाहीत, हेही त्यात होतं."

टॅटरसॉलचं यंत्र थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला. ही बाई त्याच्या दुकानात एका दमात इतकं बोलल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही इथे येऊन बसायच्या, मला वाटायचं तुम्ही माझ्याबद्दल मनात काहीतरी वाईट धरून बसताय."

"मी काहीच धरून बसत नव्हते. बॉयलरचा विचार करत होते."

त्याने हात पुसले. आणि पूर्ण दिवसाचे पैसे दिले, आत बायको ओरडत असताना. "हे घ्या. पण पुढच्या दुकानातही असंच सांगायचं. शब्द न शब्द. मी विचारणार आहे त्यांना."

तर ती दारोदार फिरली, आणि दरवेळी तेच सांगितलं. काही कमी नाही, काही जास्त नाही. पोस्टात सांगितलं, बेकरीत सांगितलं, जिच्याशी ती चाळीस वर्षांत हवामानापलीकडे काही बोलली नव्हती त्या बँकवाल्याच्या विधवेला सांगितलं. लोक दार बंद करून मागून पळाले नाहीत. खुर्ची दिली, चहा दिला, शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं. कित्येकांनी तर हळू आवाजात आपापल्या घरातलं तसलंच काहीतरी तिला सांगितलं. भावाचा ट्रॅक्टर, जावेचे पडदे. जवळजवळ सगळ्यांनी दिवसभराचे पैसे मोजले. छपराचा निधी भरला, वर थोडा उरला.

आता प्रश्न असा की हे पैसे कोणाचे? कार्यक्रम रोझलिंडचा, फिरणं एनिडचं. आमच्यात श्रेय घ्यायचं नसतं, त्यामुळे दोघी रोज माझ्याकडे येऊन श्रेय घेत नव्हत्या. रोझलिंड म्हणे, "नोंदीत माझं नाव नको, फक्त कल्पना कोणाची ते येऊ दे." एनिड म्हणे, "माझा उल्लेख नको, फक्त वसुली कशी झाली ते लिही." मी लिहिलं, "आम्हांला छपराचे पैसे मिळाले." दोघींनी ते वाचून सारखंच नाक मुरडलं.

पुढच्या बैठकीत समितीने दोघींची नावं एकत्र आणली. मी विचारलं, पटतंय का. एनिडने रोझलिंडकडे पाहिलं, रोझलिंडने एनिडकडे. दोघी एकदमच म्हणाल्या, "तशी आशा आहे," आणि आधी कोण म्हणालं यावरून चहापर्यंत धुसफूस झाली.

त्यानंतर त्यांनी छपराचं, मग खिडक्यांचं, मग दफनभूमीच्या भिंतीचं काम मिळून केलं. म्हणजे एनिड दुकानाच्या एका बाजूने शिरायची, रोझलिंड दुसऱ्या. एकीच्या केकवर दुसरीची नजर. एकीने जास्त आणलं की दुसरी आठवडाभर कमी बोलायची. एनिडच्या बाबतीत हे ओळखायला आम्हांला जरा वेळ लागे. एकदा रोझलिंड आजारी पडली तेव्हा एनिड तिच्यासाठी सूप घेऊन गेली आणि येताना मला म्हणाली, "तिच्या उशाशी टॅटरसॉलने फुलं ठेवलीत. मला ताप आला तेव्हा सॉसेज पाठवले होते."

चौथ्या वर्षी रोझलिंड मुलीजवळ राहायला वेल्सला गेली. एनिडला समितीने पुन्हा एकटीला विचारलं. तिने नाही म्हटलं. एकटीने काही मजा नाही, असं कारण दिलं, आणि मी ते नोंदीत घातलं नाही. दुसरं कोणी तयार झालं नाही. आता वर्गणीचं काम क्वेकरांचं लीड्सचं ऑफिस बघतं आणि पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला आमच्या खात्यातून आपोआप कापले जातात.